लिस्टवर राहून लिस्टच्या विरोधात

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, तंत्रनिकेतनाच्या स्टाफरूममध्ये, डबा उघडून बसलो होतो. पलीकडून अक्का एवढंच म्हणाली, "भाऊ, हे गेले." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कशावरून?" ... अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीही निघतं हे खरं, पण मी बोललो ते दुःखाच्या भरात नव्हतं, निव्वळ सवयीने होतं. त्या घरातून आलेल्या कुठल्याही विधानाला आधी "कशावरून" म्हणायचं, मग पुढचं बोलायचं, हा तिथला रिवाजच होता. मला वाटलं, संपलं, आता ही जन्मभर बोलून दाखवणार. पण अक्का म्हणाली, "डॉक्टर सांगताहेत म्हणून. पण विचारलंस ते बरं केलंस. सकाळपासून सगळे नुसत्या माना डोलवताहेत." आणि मग तिला रडू फुटलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाव मुरलीधर, पण जळगावात ते सगळ्यांचे मुरलीआबा. बी-बियाणं आणि फवारणीचे पंप विकायचं त्यांचं दुकान होतं. दुकानापुढे एक लांब बाकडं होतं आणि धंद्याचं जे काही नुकसान झालं ते त्या बाकड्याने केलं. माणूस यायचा कपाशीचं बी घ्यायला, बसायचा घटकाभर, आणि उठायचा तो देव आहे की नाही याचा निकाल न लागल्यामुळे चिडून, बी तिथेच विसरून. अक्का म्हणायची, यांच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि विरोधक जास्त. दाजींना हे वर्णन मान्य नव्हतं. त्यांच्या मते विरोधक पुरेसे नव्हते.

वाद घालणारी माणसं खानदेशात पैशाला पासरी मिळतात. दाजींचं वेगळेपण असं, की त्यांना वाद जिंकायचा नसे. समोरच्याने हार मानली की त्यांचा चेहराच पडे. एकदा भडगावचा एक शेतकरी म्हणाला, पाणी गोड ते गिरणेचं, तापीच्या पाण्याला ती चव नाही. झालं. दाजींनी तापीची बाजू घेतली आणि सकाळ खाल्ली. दुपारी बिचारा कंटाळून म्हणाला, "बरं आबा, तापीचं गोड. मला बस गाठायची आहे." दाजी एकदम सरसावून बसले. म्हणाले, "असं कसं? गिरणेचं पाणी तुम्ही कधी नीट चाखलंय का?" आणि गिरणेच्या बाजूने जे सुरू झाले, की त्या माणसाची बस गेली. पुढच्या हंगामात मात्र तो बी घ्यायला त्यांच्याकडेच आला, आणि बसला तोच मुळी पाण्याचा विषय काढून.

लग्नही असंच जमलं. मुलगी बघायला ते धुळ्याला आमच्या घरी आले, तेव्हा थंडीचे दिवस होते, म्हणून जेवणात भरीत होतं. सगळं पान चाटूनपुसून संपवल्यावर ते आमच्या वडिलांना, नानांना, गंभीरपणे म्हणाले, "भरितात शेंगदाणे घालणं म्हणजे वांग्यावर विश्वास नसणं." मुलगी बघायला आलेल्या माणसाने असं बोलायची पद्धत नाही. नाना पाव्हण्यांकडे बघायला लागले, पाव्हणे आपापल्या पानाकडे, मी शाळकरी पोरगा, मला हसू आवरेना. तेवढ्यात दाराआडून अक्काचा आवाज आला, "मंग ताटमा काबर नही उरनं?" पटलं नाही, तर मग ताटात उरलं का नाही, हा तिचा सवाल. माझी आई तिला आत ओढायला लागली. दाजींनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि नानांना म्हणाले, "मला मुलगी पसंत आहे." नाना म्हणाले, अहो, अजून बाकीचं बोलणं व्हायचंय. तर म्हणाले, "बाकीचं आम्ही दोघं बोलत राहू." ते त्यांनी खरं केलं. त्या घरात मी कधी अबोला पाहिला नाही. कानाला विश्रांतीही कधी पाहिली नाही.

अशा माणसाचा आवाज जावा, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आधी घसा बसला. बोलून बसला असेल, म्हणून सगळ्यांनी थट्टा केली. मग महिने गेले तरी तो उठेना, तेव्हा मुंबईला नेलं आणि तिथे स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्यापुढे एक भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि हातात पाटी. माणूस जगला याचा आनंद आम्हाला इतका झाला होता की पाटीचं आम्हाला काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं. पाटीवर वाद घालता येत नाही. त्यांनी अर्धं वाक्य लिहिलं की समोरचा माणूस ते वाचून, उरलेलं आपल्या मनाने पुरं करून "हो हो, कळलं आबा" म्हणून मोकळा व्हायचा. लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं उलटं असायचं. ते फडक्याने खसाखसा पाटी पुसत, पुन्हा लिहायला घेत, तोवर बोलणं तिसरीकडेच गेलेलं असे.

त्यात अक्काने दुकानात उभं राहून बाकड्यावरच्या एकेकाला दम दिला होता. "आते यासनासंगे वाद घालाना नही. काय म्हनतीन त्याले हो म्हना." आजारी माणसाशी हुज्जत घालू नये, त्याचं मन मोडू नये, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अक्काचा शब्द मोडायची कोणाची प्राज्ञाही नव्हती. बाकड्यावरचे लोक आज्ञाधारकपणे माना हलवत. दाजी पाटीवर लिहीत, सूर्य पश्चिमेला उगवतो. बाकडं म्हणे, "तेही खरंच आहे आबा." हळूहळू लोक यायचेच कमी झाले. हो म्हणायला कोण रोज रोज येणार?

तेव्हा मला एक युक्ती सुचली. आमच्या तंत्रनिकेतनात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असल्यामुळे ते माझ्याच गळ्यात पडलं होतं. मला वाटलं, जिथे कोणालाच आवाज नाही, सगळेच टाईप करतात, तिथे दाजींचं काय अडणार? मी एक जुना कॉम्प्युटर खटपट करून मिळवला, मोडेम जोडला, आणि दुकानामागच्या खोलीत, टेलिफोनशेजारी, त्यांना आणून दिला. मोडेम लाईन लागताना ओरडतो, ते ऐकून दाजींनी पाटीवर लिहिलं, "याला आवाज आहे, मला नाही."

आता बोलायचं कोणाशी? बाकड्यावरचे दोन जुने विरोधक बाहेरगावी होते आणि दोघांकडे कॉम्प्युटर होता. एक कांतीशेठ. त्यांचं चाळीसगावला कापडाचं दुकान, खापरपणजोबा कधीतरी मारवाडातून आलेले, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. दुकानाच्या हिशेबासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता, पण हिशेब अजून मुनीमच करत असल्यामुळे तो मोकळा होता. दुसरे डॉक्टर भालेराव. ते आधी जळगावला होते, मग बदली होऊन पिंपळनेरला गेले. देव नाही यावर दाजींचं आणि त्यांचं संपूर्ण एकमत होतं, तरी वाद वर्षानुवर्षं चालला, कारण डॉक्टर बुद्धाच्या आधाराने देव नाकारत आणि दाजींना कोणाचाच आधार चालत नसे. चौथा मी. चौघांनी मिळून एक जागा धरायची आणि तिथे मनसोक्त भांडायचं, असं ठरलं. कुठली जागा, एवढाच प्रश्न राहिला. तो एवढासा प्रश्न आहे असं मला वाटलं, यावरून माझी समज दिसते.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटवर चार माणसांना चर्चा करायची तर तीन तऱ्हा आहेत. पहिली मेलिंग लिस्ट. एक सामायिक पत्ता असतो. त्या पत्त्यावर तुम्ही पत्र टाकलंत की लिस्टवरच्या प्रत्येकाच्या पेटीत त्याची प्रत जाऊन पडते. फोन लावायचा, आलेली पत्रं उतरवून घ्यायची, फोन ठेवायचा, मग सावकाश वाचायचं. कांतीशेठ याच्या बाजूने होते. म्हणायचे, माल घरपोच येतो, दुकान सोडून कुठे जावं लागत नाही. दुसरी तऱ्हा फोरमची. वेबसाईटवर एक फळा असतो, ज्याला बोलायचं त्याने तिथे जायचं, आधीचं सगळं ओळीने वाचायचं आणि खाली आपलं लिहायचं. डॉक्टर भालेराव फोरमचे भक्त होते. कोण कधी काय म्हणालं हे कायम तिथे राहतं, मागाहून शब्द फिरवता येत नाही, हे त्यांना दाजींच्या संदर्भात फार मोलाचं वाटे. अडचण इतकीच की पिंपळनेरची टेलिफोनची लाईन एक पान उघडायच्या आत तुटत असे. डॉक्टरांनी फोरम पाहिला होता तो एकदाच, पुण्याला पुतण्याच्या घरी. पण त्या एका दर्शनावर त्यांची श्रद्धा अढळ होती. देव न मानणाऱ्या माणसाची एवढी श्रद्धा मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि तिसरा न्यूजग्रुप. तो भर चौकात असतो. तिथे लिहिलेलं जगभर जातं, कोणीही वाचावं, कोणीही उत्तर द्यावं, ओळख ना पाळख. मराठी लोकांचाही एक न्यूजग्रुप होता, त्यात बहुतेक परदेशी गेलेली मंडळी, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकमेकांची अक्कल काढणारी. मी दाजींना तो दाखवायला म्हणून उघडला आणि दाजी खुर्ची पुढे ओढून बसले. पाटीवर लिहिलं, "हेच." मी म्हणालो, "दाजी, इथे लोक वाट्टेल तसं बोलतात. लाजलज्जा नाही." त्यांनी "हेच" खाली रेघ मारली.

मला ते पटलं नाही. नुकत्याच मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला चौकात उभं करून अनोळखी लोकांच्या शिव्या खाऊ घालायच्या? मी कांतीशेठच्या बाजूला गेलो. दोन मतं लिस्टला, एक फोरमला, एक न्यूजग्रुपला. डॉक्टर म्हणाले, तोंडी मोजणी चालणार नाही, रीतसर मतदान करा, प्रत्येकाने आपलं मत कारणांसह लेखी द्यावं. ठरलं. आणि मग आम्ही जे केलं ते दुसऱ्या कुठल्या शहाण्या माणसांनी केलं नसतं. प्रत्येकाने आपलं मत आपल्या आवडत्या ठिकाणी नोंदवलं. कांतीशेठनी आणि मी ईमेल पाठवली. डॉक्टरांनी पुतण्याला फोनवरून मजकूर सांगून पुण्यात एक फोरम काढवला आणि त्यावर मत टाकवलं. ते पान आमच्यापैकी कोणालाच उघडता आलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. आणि दाजींनी आपलं मत न्यूजग्रुपवर दिलं, भर चौकात, सगळ्या जगासमोर. आठवड्याने कळलं की तिथे मतदान जोरात चालू आहे. मेलबर्नच्या कोणा कुलकर्ण्याने चाळीसगावच्या कांतीशेठविरुद्ध मत दिलं होतं. कॅनडातल्या एका बाईंनी, हा भालेराव कोण लागून गेला, असं विचारलं होतं. कांतीशेठ आठवडाभर मला फोन करून विचारत, "मास्तर, त्या कुलकर्ण्याचं माझ्याशी काय वाकडं आहे?"

शेवटी निकाल अक्काने लावला. दाजी आजारी पडल्यापासून दुकान तीच बघत होती आणि मागच्या खोलीतला फोन हा दुकानाचा फोन होता. कंपन्यांचे, गिऱ्हाइकांचे फोन यायचे. तिने मला एकच विचारलं, "यातल्या कशात फोन सगळ्यात कमी वेळ अडकतो?" मी म्हणालो, मेलिंग लिस्ट. "मग तीच." एका वाक्यात खटला संपला. लिस्टला नाव दिलं 'बाकडं'. दाजींनी निषेध नोंदवून सभासदत्व घेतलं.

आता सगळं सुरळीत होईल असं आम्हाला वाटलं. पत्रं जाऊ-येऊ लागली. दाजींनी पहिलाच बाँब टाकला, की धुळ्याचं ऊन म्हणजे जळगावच्या उन्हाची नक्कल आहे. एरवी मी यावर पेटून उठलो असतो. पण अक्काचा दम डोळ्यांपुढे होता, गळ्यावरचं पांढरं फडकं डोळ्यांपुढे होतं. मी लिहिलं, दाजी, तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. कांतीशेठनी लिहिलं, अगदी बरोबर. डॉक्टरांनी लिहिलं, सहमत. मग दाजींनी लिहिलं, चाळीसगावला कापड चांगलं मिळत नाही. कांतीशेठ, ज्यांची चौथी पिढी कापडात, त्यांनी उत्तर दिलं, आबा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मग दाजींनी लिहिलं, बुद्धाचा नीट अभ्यास केला तर देव असावा असं वाटतं. डॉक्टरांना हे किती लागलं असेल... त्यांनीही मान डोलावली. दाजींची पत्रं आखूड होत गेली. मग बंदच झाली. अक्काने सांगितलं, जेवण कमी झालंय, दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसतात आणि रस्त्याकडे बघतात, पाटीही हातात घेत नाहीत.

आणि मग एके दिवशी तिचा फोन आला, आवाजात वेगळाच घोर. म्हणाली, "तू ये. हे हसताहेत." गळ्यातून आवाज निघत नाही, पण खांदे गदगदा हलतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि हे सगळं कॉम्प्युटरपुढे. तिला वाटलं, काही नको ते बघतात की काय. मी सकाळची बस धरून जळगावला गेलो. मागच्या खोलीत गेलो तर दाजी पडद्यावर बोट ठेवून मला खुणेने बोलवत होते. न्यूजग्रुप उघडा होता. मेलबर्नच्या कुलकर्ण्याने लिहिलं होतं की वांगं गॅसवर भाजलं काय आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलं काय, भरीत ते भरीत, आणि ज्याला फरक कळतो असं वाटतं तो निव्वळ ढोंगी आहे. त्यावर दाजींनी पानभर फटकारलं होतं. त्यावर कुलकर्ण्याचं उत्तर होतं, तुम्हाला भरीत तर कळत नाहीच, पण वाद कसा घालावा हेही कळत नाही, तुम्ही आधी नीट बोलायला शिका.

मी गडबडलो. "दाजी, हा माणूस काय बोलतोय याला कळतं का? मी त्याला लिहितो तुमचं काय झालंय ते." दाजींनी माझा हात धरला. घट्ट. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "खबरदार. इथे मी आजारी नाही."

दारात अक्का उभी होती. तिने ते वाचलं. पदर तोंडाला लावून दुकानात गेली. थोड्या वेळाने मी बाहेर आलो तर ती मला हळूच म्हणाली, "त्यासनासंगे भांड रे भाऊ. बठ्ठासले सांग." वाद घालू नका हे जिने बजावलं होतं, तीच आता भांडा म्हणून सांगत होती.

मी निरोप दोघांना पोचवला. पण भांडा म्हटल्याने भांडण होतं का? कांतीशेठनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, आबा, तुमचं भरितावरचं मत मला बिलकूल मान्य नाही, कळावे, लोभ असावा. दाजींचं उत्तर आलं, हे तुम्हाला तुमच्या वहिनींनी लिहायला सांगितलंय. डॉक्टरांनी देवाच्या विरोधात चार ओळी लिहिल्या, त्यांना उत्तर आलं, डॉक्टर, पेशंटला गोळी देता तसा वाद देऊ नका. आम्ही तिघेही उघडे पडलो. दाजी न्यूजग्रुपवर रमले होते, आम्हाला हायसंही वाटत होतं, पण मला मनातून वाईट वाटत होतं हे सांगून टाकतो. मेलबर्नचा परका माणूस त्यांना मिळाला, आणि आम्ही घरचे त्यांना गमावून बसलो होतो.

तिढा सुटला तो डॉक्टरांच्या श्रद्धेमुळे. पिंपळनेरची टेलिफोन लाईन कुठेतरी दुरुस्त झाली आणि एके दिवशी डॉक्टरांना आपला फोरम आयुष्यात प्रथमच उघडता आला. त्या आनंदात त्यांनी लिस्टवर लिहिलं, की आता लिस्टचा जमाना संपला, सर्वांनी फोरमवर यावं, न येणारे मागासलेले समजले जातील. हे त्यांनी कोणी सांगितलं म्हणून लिहिलं नव्हतं, मनापासून लिहिलं होतं. कांतीशेठ भडकले. त्यांनी विचारलं, मतदान झालं, निकाल लागला, आता पुन्हा कसलं काढता? मीही लिहिलं, आणि जरा जास्तच लिहिलं, कारण फोरमवर एक पान उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझं एक लेक्चर होतं. आणि मग दाजी उतरले. लिस्ट ही म्हातारपणाची सोय आहे, फोरम ही हेडमास्तरची सोय आहे, माणसाने बोलावं ते चौकात. कांतीशेठनी उत्तर दिलं, चौकात ओरडणाऱ्याला आमच्याकडे हवालदार नेतो. दाजींनी लिहिलं, कापडाच्या दुकानात बसून चौक दिसत नाही. या वेळी तथ्य आहे वगैरे काही आलं नाही. कांतीशेठनी थेट फोन उचलून अक्काला विचारलं, "वहिनी, आबांना खरं काय ते सुनावलं तर चालेल ना?"

देव, भरीत, ऊन, पाणी या सगळ्या विषयांत आम्ही दाजींसाठी माघार घ्यायला तयार होतो. पण बोलायचं कुठे, या विषयात आमच्यापैकी एकही जण माघार घ्यायला तयार नव्हता. त्यामुळे 'बाकड्या'वर पुढे दुसरा विषय फारसा निघालाच नाही. लिस्ट की फोरम की न्यूजग्रुप, यावरच वर्षभर चर्चा झाली. दाजी लिस्टवर राहून लिस्टच्या विरोधात लिहीत. डॉक्टर फोरमचं श्रेष्ठत्व लिस्टवरून पटवत, कारण फोरमवर ते एकटेच असत. जळगावला गेलो की दाजी मला समोर बसवून माझंच पत्र दाखवत आणि एकेका वाक्याखाली रेघ मारून, भुवया उंचावून बघत. जेवण सुधारलं. अक्का कुरकुरायला लागली की फोन फार अडकतो. मध्येच स्वतःही एखादा शेरा मारून जायची, आणि मग दोघांचं, तिचं तोंडी आणि त्यांचं पाटीवर, सुरू व्हायचं. पाटी पुसायचं फडकं दर महिन्याला नवं लागत होतं.

मग आजार परतला. या वेळी मुंबईला जायचं नाही असं त्यांनी पाटीवर लिहिलं, आणि या एका बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही. डॉक्टर भालेराव पिंपळनेरहून भेटायला आले, पलंगाशी बसले, नाडी पाहिली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, "आबा, एक सांगू का? तो फोरम... तुमचंच बरोबर होतं." मी डॉक्टरांच्या पायावर पाय दिला. दाजींनी डोळे उघडले आणि डॉक्टरांकडे असं काही बघितलं, की डॉक्टर सावरून बसले आणि म्हणाले, "म्हणजे, एका मर्यादेत बरोबर. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे." दाजींनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. त्यांचं शेवटचं पत्र त्यानंतरचं. उशीला टेकून, कीबोर्ड मांडीवर घेऊन त्यांनी ते लिहिलं होतं. त्यात होतं, की लिस्ट म्हणजे दार लावलेलं घर. घरातली माणसं संपली की वाद संपला. चौकातला वाद एखादा माणूस गेला तरी चालू राहतो. म्हणून न्यूजग्रुप. यावर कोणाचं काय म्हणणं आहे?

कोणाचं काही म्हणणं येण्याआधी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी जळगावलाच होतो. मागच्या खोलीत बसून लिस्टवरची पत्रं उतरवून घेतली, अक्का शेजारी येऊन बसली, तिला वाचून दाखवू लागलो. कांतीशेठनी फार सुंदर लिहिलं होतं. शेवटी म्हटलं होतं, आता आबांच्या इच्छेचा मान राखून आपण सर्वांनी लिस्ट बंद करावी आणि न्यूजग्रुपवर जावं, हीच त्यांना श्रद्धांजली. खाली डॉक्टरांचं, आबांच्या शब्दापुढे माझा फोरम काय, मी सहमत आहे. मी अक्काला म्हणालो, "मीही हो लिहितो."

"काबर?" अक्का म्हणाली. "ते गयात. जिंकनात नही."

तिने मला लिहायला सांगितलं, की लिस्ट बंद होणार नाही. ते गेले, जिंकले नाहीत. ज्याला त्यांचं पटलं असेल त्याने कारण द्यावं, ज्याला पटलं नसेल त्याने उत्तर द्यावं, आणि ज्याला नुसतं रडायचं असेल त्याने घरी यावं, मी चहा करीन. मी तसं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं उत्तर आलं. ते म्हणत होते, वहिनींचा मुद्दा योग्य आहे, तेव्हा आपली सहमती मी मागे घेतो, न्यूजग्रुपपेक्षा फोरम केव्हाही श्रेष्ठ, आणि त्याची कारणं अशी... पुढे दोन पानं कारणं होती. अक्काने ती मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "सर तिकडे."

ती दाजींच्या खुर्चीत बसली. कॉम्प्युटरला तिने आजवर फडकं मारण्यापलीकडे हात लावला नव्हता. मला वाटलं, डॉक्टरांना काही लिहायचं असेल. पण तिने दाजींचं शेवटचं पत्र उघडायला लावलं, आणि उत्तर कुठे लिहायचं ते विचारून एका बोटाने एकेक अक्षर शोधायला लागली. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, ती उठली नाही. फार मोठं पत्र नव्हतं. 'तुमचं चुकतं. घरातलाही चालू राहतो.' एवढंच. मी मोडेम लावला, पत्र गेलं. लिस्टचा नियम असा की एक पत्र टाकलं की सगळ्यांच्या पेटीत पडतं. चाळीसगावला पडलं, पिंपळनेरला पडलं, धुळ्याला माझ्या पेटीत पडलं, आणि दाजींचं नाव लिस्टवरून कोणी काढलेलं नसल्यामुळे एक प्रत त्यांनाही गेली.